हाडांची गोळी : सुरू कोणी केली, थांबवणार कोण?

(विरार पूर्व येथे महिला गटांच्या आरोग्य-बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)

मैत्रिणींनो,

आजच्या बैठकीचा विषय 'हाडं' असा ठरला तेव्हा एक-दोघी म्हणाल्या, त्यात बोलायचं काय? दूध प्या, नाचणी खा, उन्हात बसा. ते बरोबरच आहे. पण आज मला मुख्यतः एका वेगळ्याच फ्रॅक्चरविषयी बोलायचंय. हे फ्रॅक्चर सहसा मोठं पडल्यामुळे होत नाही. बाई घरात चालत असते, ओट्यापाशी वळते, जिना उतरताना एका पायावर भार टाकते, आणि शरीरातलं सगळ्यात मजबूत हाड, मांडीचं हाड, खडूसारखं आडवं मोडतं. ज्यांच्या बाबतीत असं होतं त्यातल्या बहुतेक जणी, हाडं मजबूत व्हावीत म्हणून, वर्षानुवर्षं गोळी घेत असतात.

आधीच सांगते, हे ऐकून घाबरून जाऊ नका आणि घरी जाऊन गोळ्यांची पाकिटं कचऱ्यात टाकू नका. मी डॉक्टर नाही. तुमच्यासारखीच विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून नोकरीची वर्षं काढलेली आणि आता आरोग्याच्या गटात काम करणारी बाई आहे. जे वाचलं, डॉक्टर मैत्रिणींकडून समजून घेतलं आणि बायकांच्या तोंडून ऐकलं, ते तुमच्यापुढे मांडते.

हा विषय आत्ताच का? १९९२ साली चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, १९९३ मध्ये ती विरारपर्यंत आली. त्या गाडीत पंचविशीत-तिशीत चढलेल्या आपण आज साठीच्या आसपास आहोत. पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झाली. गुडघे बोलतात, कंबर बोलते. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरात आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी आहे. मागच्या बैठकीत मी विचारलं होतं, ही गोळी कधी सुरू झाली? कोणी म्हणाली सुनेच्या बाळंतपणाच्या आधी, कोणी म्हणाली लॉकडाऊनच्या आधी. आणि कधी थांबवायची? यावर एकीलाही उत्तर देता आलं नाही.

हाड म्हणजे दगड नव्हे

हाड जिवंत असतं. रोजच्या चालण्या-उचलण्याने त्यात बारीक बारीक भेगा पडत असतात. आपल्या बिल्डिंगच्या भिंतीला भेग पडली की गवंडी काय करतो? आधी सैल झालेला गिलावा खरवडून काढतो, मग नवा भरतो. हाडातही अशीच दोन प्रकारची कामकरी मंडळी असतात. एक जुनं हाड खरवडणाऱ्या पेशी, दुसऱ्या नवं हाड भरणाऱ्या. तरुणपणी दोघींचं काम जोडीने चालतं. पाळी गेली, शरीरातलं इस्ट्रोजेन कमी झालं की खरवडणं वाढतं आणि भरणं मागे पडतं. हाड पोकळ, ठिसूळ होतं. यालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मग मनगट मोडतं, पाठीचा मणका दबतो, न्हाणीघरात पाय घसरला की खुबा मोडतो.

हाडांच्या गोळ्या काय करतात? ॲलेंड्रोनेट, रायसेड्रोनेट, आयबँड्रोनेट आणि वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिड ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. घराण्याचं नाव बिस्फॉस्फोनेट. खरवडणाऱ्या पेशींना ती जागच्या जागी बसवतात. हाड झिजायचं थांबतं आणि पहिली काही वर्षं फायदा होतो, तो खराच आहे. पण गवंड्याने खरवडायचंच सोडलं तर भेगांचं काय होणार? भिंतीची जाडी शाबूत राहते, भेगा मात्र तशाच राहतात. शिवाय हे औषध हाडात साठून राहतं. गोळी बंद केल्यावरही त्याचा अंमल काही काळ टिकतो.

आता मांडीच्या हाडाचा आकार डोळ्यांपुढे आणा. ते सरळ खांबासारखं नसतं, त्याला थोडा बाक असतो. उभं राहिलं की आतल्या बाजूवर दाब येतो आणि बाहेरच्या बाजूवर ताण. म्हणून न भरलेली भेग बाहेरच्या बाजूला वाढू लागते. शरीर तिथे वरून ठिगळ लावायचा प्रयत्न करतं, त्यामुळे एक्स-रेमध्ये त्या जागी चोचीसारखा बारीक उंचवटा दिसतो. शेवटी एक दिवस हाड आडवं मोडतं. जागा खुब्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर, म्हणजे ऐन मांडीत. नेहमीच्या फ्रॅक्चरपेक्षा हे असं वेगळं असतं.

गोळी आपल्यापर्यंत आली कशी?

हाडं ठिसूळ होणं ही कंपन्यांनी रचलेली कथा नाही. आपल्या आज्या वाकून, काठी टेकत चालायच्या ते आपण पाहिलंय. पण 'कोणाला आजार आहे' ही रेघ कुठे मारायची, हे कोणीतरी ठरवतं. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने ती रेघ मारली आणि त्यासाठी तरुण गोऱ्या बायकांच्या हाडांची घनता प्रमाण मानली. दुसऱ्याच वर्षी, १९९५ मध्ये, अमेरिकेत मर्क कंपनीच्या फोसामॅक्सला, म्हणजे ॲलेंड्रोनेटला, पाळी गेलेल्या बायकांच्या ऑस्टिओपोरोसिससाठी परवानगी मिळाली. त्याच वर्षी त्या कंपनीने हाडं मोजण्याच्या यंत्रांचा प्रसार करायला एक संस्थाही उभी केली. मोजणी वाढली की रुग्ण वाढतात आणि रुग्ण वाढले की गोळी खपते, इतका तो साधा हिशेब.

आपल्याकडेही 'मोफत हाडांची तपासणी' असे फलक आपण पाहतो. टाच एका छोट्या यंत्रात ठेवायची, दोन मिनिटांत आकडा मिळतो. त्या आकड्यावरून आपली हाडं कशी असतील याचा अंदाज येतो, पण तेवढ्यावर वर्षानुवर्षांचं औषध सुरू करायचं नसतं. नीट निदानासाठी कंबर आणि खुब्याचा डेक्सा करावा लागतो. वय, आधी झालेलं फ्रॅक्चर, आई-वडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, इतर औषधं, हे सगळं विचारात घ्यावं लागतं.

मांडीची हाडं मोडू लागली तेव्हा

२००५ साली अमेरिकेतल्या डॅलसच्या डॉक्टरांनी ९ रुग्णांची माहिती छापली. ॲलेंड्रोनेट घेत असताना, म्हणण्यासारखा मार न लागता, त्यांची हाडं मोडली होती आणि काहींची जुळायलाही फार वेळ लागत होता. हाडाचा तुकडा तपासला तेव्हा खरवडणं-भरणं जवळजवळ थांबलेलं आढळलं. २००६ मध्ये जेनिफर श्नायडर यांचा लेख आला. त्या स्वतः डॉक्टर. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत उभ्या असताना गाडीला हिसका बसला, सगळा भार एका पायावर आला आणि मांडीचं हाड मोडलं. वय ५९, आणि सात वर्षं ॲलेंड्रोनेट चालू. लोकलमध्ये असे किती हिसके आपण खाल्ले असतील! हाड मोडावं असा तो प्रसंगच नव्हता. आपल्या बाबतीत असं का झालं, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. इतर बायकांचे असेच अनुभव गोळा केले आणि त्यावर लिहिलं. २००७ मध्ये सिंगापूरच्या डॉक्टरांनी अशा फ्रॅक्चरच्या १३ बायका पाहिल्या, त्यातल्या ९ जणी ॲलेंड्रोनेटवर होत्या.

औषध बाजारात येऊन तोवर दहा वर्षं उलटली होती. शेवटी २०१० साली अमेरिकेतल्या हाडांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने ३१० रुग्णांचा आढावा घेतला, त्यातले ९४ टक्के ही औषधं घेतलेले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या धोक्याची सूचना औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावली.

आपण ज्या चळवळीत वाढलो तिला हा प्रकार नवा नाही. १९८०च्या दशकात नेट-एन या इंजेक्शनवर बायकांच्या संघटना कोर्टात गेल्या, तेव्हा त्यांचं हेच म्हणणं होतं : निरोगी बाईला दीर्घ काळ द्यायच्या औषधाचे दीर्घ काळातले परिणाम आधी बघा, आणि तिला ते समजेल अशा भाषेत सांगा. डेपो-प्रोव्हेरा दीर्घकाळ घेतल्यास हाडांची घनता कमी होते, अशी ठळक सूचना २००४ मध्ये अमेरिकेत द्यावी लागली. तेच इंजेक्शन २०१७ पासून आपल्या सरकारी कार्यक्रमात 'अंतरा' या नावाने आहे.

धोका कोणाला जास्त?

यावरचा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या, पन्नाशीच्या पुढच्या आणि ही औषधं घेतलेल्या १,९६,१२९ बायकांची २००७ ते २०१७ या काळातली नोंद त्यात पाहिली. अशी वेगळी फ्रॅक्चर निघाली २७७. म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट आहे, हे पहिलं लक्षात ठेवा. पण ती सगळ्यांमध्ये सारखी विभागलेली नव्हती.

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे गोळीची वर्षं. तीन महिन्यांहून कमी काळ गोळी घेतलेल्यांच्या तुलनेत, तीन ते पाच वर्षं घेतलेल्यांत धोका सुमारे नऊपट होता. आठ वर्षं किंवा जास्त घेतलेल्यांत तो चाळीसपटीच्याही वर गेला. गोळी थांबवल्यावर मात्र तो झपाट्याने उतरला.

दुसरं, आशियाई वंशाच्या बायकांत धोका गोऱ्या बायकांच्या जवळजवळ पाचपट होता. 'आशियाई' हा फार मोठा शब्द आहे. अनेक देशांच्या बायका त्यात एकत्र धरलेल्या असतात, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा विरारला चिकटवता येत नाही. पण गोऱ्या बायकांच्या मापाने ठरवलेली औषधाची वर्षं आपल्याला डोळे मिटून लावू नयेत, एवढं तरी त्यातून निघतंच. मांडीच्या हाडाचा बाक जास्त असणं हे यामागचं एक कारण मानलं जातं.

तिसरं, उंची कमी आणि वजन जास्त असलेल्या बायका. चौथं, वर्षभर किंवा जास्त काळ स्टिरॉइड घेतलेल्या बायका, त्यांच्यात धोका दुपटीहून जास्त. दम्यासाठी, आमवातासाठी डॉक्टर स्टिरॉइड देतात, ते अनेकदा गरजेचंच असतं. पण नाव नसलेल्या पुड्या आणि 'वातावरचं रामबाण' म्हणून मिळणाऱ्या गोळ्या यांतही कधी कधी चोरून स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत ठणका पळाला तर खूश होण्याआधी शंका घ्या.

या अभ्यासाबाहेरच्याही काही गोष्टी आहेत. दर सहा महिन्यांनी पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली घ्यायचं डेनोसुमॅब हे इंजेक्शन वेगळ्या घराण्यातलं आहे, पण त्याच्यामुळेही अशी फ्रॅक्चर झालेली आहेत. कॅन्सर हाडांत पसरलेल्या बायकांना ही औषधं जास्त मात्रेत आणि लवकर लवकर द्यावी लागतात. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेण्याचाही काही अभ्यासांत संबंध दिसला आहे. क्वचित एखादीला हाडांचा जन्मजात विकारच असतो. तो ओळखला न जाता तिला ऑस्टिओपोरोसिसची गोळी दिली जाते.

दोन्ही बाजूंचे आकडे

आता गोळीच्या बाजूनेही बोलू. याच अभ्यासातला हिशेब दहा हजार बायकांनी तीन वर्षं गोळी घेतली तर काय, असा मांडलेला आहे. दहा हजार म्हणजे दोन गच्च भरलेल्या विरार लोकलमध्ये मावतील इतकी माणसं, सगळ्या बायकाच आहेत असं धरा. गोऱ्या बायकांत या तीन वर्षांत १४९ खुब्याची फ्रॅक्चर टळली आणि २ वेगळी फ्रॅक्चर झाली. आशियाई बायकांत ९१ टळली आणि ८ झाली.

म्हणजे गोऱ्या बायकांपेक्षा फायदा कमी आणि धोका जास्त असूनही, तीन वर्षांत आपल्यासारख्यांनाही फायदाच मोठा आहे. खुबा मोडणं ही लहानसहान गोष्ट नाही. कितीतरी बायका त्यानंतर अंथरूण सोडत नाहीत. म्हणून जिचा मणका दबलाय, खुबा एकदा मोडलाय, हाडं खरोखरच ठिसूळ आहेत, तिने 'त्या बाईंनी भाषणात सांगितलं' म्हणून गोळी सोडली तर माझ्या बोलण्याने नुकसानच झालं म्हणायचं.

खरा प्रश्न चौथ्या-पाचव्या वर्षी उभा राहतो. पाच वर्षं ॲलेंड्रोनेट घेतलेल्या बायकांचे दोन गट करून एकीकडे गोळी चालू ठेवली आणि दुसरीकडे बंद केली, असा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या पाच वर्षांत मणक्याची त्रासदायक फ्रॅक्चर गोळी चालू असलेल्यांत कमी झाली, सुमारे अडीच टक्के विरुद्ध पाच टक्के. मणका सोडून बाकीच्या हाडांच्या फ्रॅक्चरमध्ये दोन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणून आता तज्ज्ञ सांगतात की, तोंडाने घ्यायची गोळी पाच वर्षं झाली किंवा वर्षाचं सलाईन तीनदा झालं की थांबून पुन्हा हिशेब करा. जिचा धोका कमी झालाय तिला औषधातून काही वर्षं सुट्टी द्या. जिचा अजून जास्त आहे तिचं चालू ठेवा किंवा बदला. डेनोसुमॅबची गोष्ट मात्र उलटी आहे. ते इंजेक्शन मध्येच सोडलं तर पाठीचे मणके पटापट दबू शकतात. ते थांबवायचं तर डॉक्टर त्याच्याजागी दुसरं औषध देतात.

पण हा पाच वर्षांनंतरचा हिशेब करतं कोण? पहिली चिठ्ठी एका डॉक्टरांनी दिली, मुलगा दर महिन्याला मेडिकलमधून रिकामं पाकीट दाखवून नवं आणतो. डॉक्टर बदलले, घर बदललं, नालासोपाऱ्याहून विरारला आलो, चिठ्ठी हरवली, गोळी तेवढी चालू राहिली. गोळी सुरू करायला शिबिर असतं, जाहिरात असते. थांबवायची आठवण मात्र कोणी करून देत नाही. सुरू कोणी केली ते निदान आठवतं, थांबवणार कोण हे कुठेच लिहिलेलं नसतं.

मांडी आधी सांगत असते

आता सगळ्यात महत्त्वाचं. असं फ्रॅक्चर झालेल्या दहांपैकी सुमारे सात जणींना आधी काही आठवडे किंवा महिने मांडीत नाहीतर जांघेत दुखत होतं. आतून ठणका, उभं राहिलं की, चालू लागलं की वाढणारा. म्हणजे हाड पुरतं मोडायच्या आधी सूचना देतं. मग ती ऐकली का जात नाही?

आमच्या बैठकीला येणाऱ्या एका काकूंचं सांगते. अडुसष्ट वय, दोन नातवंडांना सांभाळणाऱ्या. उजव्या मांडीत चार महिने दुखत होतं. घरात सांगितलं तर 'तेल लावा'. एका दवाखान्यात सांगितलं, शीर दबली असेल, कंबरेचा एक्स-रे काढला. दुसरीकडे गुडघ्याचा काढला, झीज आहे म्हणाले. सहा-सात वर्षं हाडांची गोळी चालू आहे, हे कोणी विचारलं नाही आणि आपण होऊन सांगावं असं काकूंनाही वाटलं नाही, कारण ती गोळी तर 'ताकदीची'. एका सकाळी नातीचा डबा हातात घेऊन ओट्यावरून वळल्या आणि तिथेच कोसळल्या. 'मी पडले म्हणून पाय मोडला नाही गं, पाय मोडला म्हणून मी पडले,' हे त्यांचं वाक्य मला विसरता येत नाही. मांडीचा एक्स-रे त्या दिवशी पहिल्यांदा निघाला. हाडात दांडा घातला, ते जुळायलाही बरेच महिने गेले. त्या काळात घरात सगळ्यांच्या लक्षात आलं की काकू दिवसभरात किती काम करत होत्या.

बाईने दुखणं अंगावर काढायचं, ही आपल्याला मिळालेली शिकवण. 'वय झालं' हे त्यावरचं निदान. साठीच्या बाईचं दुखणं घरात ऐकलं जात नाही, दवाखान्यात अर्ध्यावर तोडलं जातं आणि हळूहळू तीही सांगेनाशी होते. दरवर्षी नवरात्रात जीवदानीच्या पायऱ्या चढणारी बाई यंदा 'मांडी भरून येते' म्हणून खाली थांबली, तर तिला रोपवेने पाठवून मोकळं होऊ नका. कधीपासून दुखतं, कुठे दुखतं, कोणती गोळी चालू आहे, हे विचारा.

हे एका गोळीपुरतं नाही

ठिसूळ हाडं काही पाळी गेल्यावर अचानक येत नाहीत. लहानपणी मुलाच्या पेल्यात दूध आणि मुलीच्या पेल्यात चहा, लवकर लग्न, पाठोपाठची बाळंतपणं, दिवसभर घरात किंवा ऑफिसात, उन्हाचं तोंड नाही. आपल्या देशात ऊन एवढं, पण ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी. ती फार झाली तर हाडं मऊ पडतात, त्यांनाही बारीक भेगा पडतात आणि मांडीत-कंबरेत दुखतं. तो आजार वेगळा, त्याचा उपचार वेगळा. म्हणून हाडांची गोळी सुरू करायच्या आधी रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पाहायला हवं. कॅल्शियम कमी असताना ही गोळी देऊच नये.

आणि पाळी जाते कधी? आपल्याकडे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसला. पण ज्यांची पिशवी काढली त्यांचं काय? बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात कितीतरी जणी ऐन तरुण. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर त्याच दिवशी इस्ट्रोजेन संपतं. ती ठेवली तरी पाळीचं वय अलीकडे येऊ शकतं. पस्तिशीत पाळी गेलेल्या बाईची हाडं पन्नाशीच्या आतच ठिसूळ होणार. मग तिला गोळी लवकर सुरू होणार, आणि पुढे आयुष्य तर लांबच लांब पडलेलं. वर्षं वाढली की धोका वाढतो, हे आपण आत्ताच पाहिलं. एका अनावश्यक ऑपरेशनची किंमत वीस-पंचवीस वर्षांनी मांडीच्या हाडाने मोजावी लागू शकते.

आपण काय करायचं?

एक, आज घरी गेल्यावर औषधांची पिशवी रिकामी करा. बिस्फॉस्फोनेटची नावं मघाशी सांगितली, ती पाकिटांवर शोधा. दिसत नसेल तर नातीला वाचायला सांगा. कधीपासून चालू आहे ते वहीत लिहा आणि त्याच ओळीत लिहा, 'पुन्हा विचारायची तारीख'.

दोन, डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. मला ही गोळी नेमकी कशासाठी? किती वर्षं घ्यायची? पुन्हा तपासणी कधी? प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

तीन, ही औषधं चालू असताना किंवा नुकतीच थांबली असताना मांडीत वा जांघेत नवं दुखणं सुरू झालं, तर 'मांडीच्या पूर्ण हाडाचा एक्स-रे, दोन्ही पायांचा' असं स्पष्ट सांगा. दोन्ही अशासाठी की साधारण चारांतल्या एकीला दुसऱ्या पायातही तेच निघतं. एक्स-रेत काही दिसलं नाही आणि दुखणं चालूच राहिलं तर एमआरआयची गरज पडू शकते. भेग वेळीच सापडली तर गोळी थांबवून, पायावरचा भार कमी करून, गरज पडल्यास आधीच दांडा घालून हाड वाचवता येतं.

चार, गोळी घ्यायची तर नीट घ्या. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं-प्यायचं नाही. पाणी भरणं, डबे, पहिला चहा या धांदलीत हा अर्धा तास बाईला मिळत नाही, म्हणून ती चहाबरोबर गोळी गिळते. मग गोळीचा उपयोग होत नाही, वर अन्ननलिकेला इजा. आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि त्या दिवशीचा चहा घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करू द्या. दात काढायचा असेल तेव्हाही दातांच्या डॉक्टरांना या गोळीबद्दल सांगा.

पाच, हाडांचं खाणं. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं २०२० च्या राष्ट्रीय शिफारशी सांगतात. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं. तीळ आहेत, दूध-ताक आहे, आणि अर्नाळ्याच्या कोळणी आणतात ती काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी आहे. सकाळ-संध्याकाळ चाला. न्हाणीघरात धरायला दांडा लावून घ्या.

सहा, असं काही घडलं तर त्याची नोंद करा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम २०१० पासून देशात आहे. १८००-१८०-३०२४ या फुकट नंबरवर रुग्ण स्वतःही कळवू शकते, त्यासाठीचा फॉर्म मराठीतही आहे. श्नायडरबाईंसारख्यांनी आपलं म्हणणं लिहून ठेवलं म्हणून हा धोका जगाला कळला. आपल्या काकूंचं लिहून ठेवलं नाही तर इथे असं काही होतच नाही, असं म्हणायला सगळे मोकळे.

आणि सातवं काम गटाचं. महापालिकेच्या दवाखान्यांत ज्येष्ठ बायकांच्या हाडांची नीट तपासणी व्हावी, डेक्सासाठी मुंबई गाठावी लागू नये, हाडांच्या औषधाच्या चिठ्ठीवर 'पुन्हा तपासणीची तारीख' लिहिली जावी आणि औषधाची माहिती मराठीत मिळावी, या चार मागण्यांचं निवेदन आपण तयार केलंय. ते दारापाशी ठेवलंय. वाचा, पटलं तर सही करा. पुढच्या बैठकीला येताना आपली वही घेऊन या आणि शेजारणीलाही आणा, विशेषतः जी म्हणते, 'मला काही नाही गं, जरा मांडी दुखते एवढंच.'